वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गिटार जमवताना आणि उघडताना

इलेक्ट्रिक गिटार जमवणे आणि त्या उघडून त्यांत आपल्या मनासारखे फेरफार करणे या छंदाविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. काही पत्रे बरीच लांब होती. त्यांतील मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझ्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअप असलेली मध्यम दर्जाची गिटार आहे. तिचा आवाज एकीकडे कर्कश आणि दुसरीकडे निर्जीव वाटतो. स्वर रेंगाळतच नाही. सगळे मित्र एखाद्या नामांकित कारागिराचे पिकअप बसवायला सांगतात. हा खर्च सार्थकी लागेल का?

उत्तर : पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी लोहचुंबक आणि वेटोळ्याची जोडी, बदलणे हा या छंदातील सर्वांत लोकप्रिय फेरफार आहे आणि माझ्या मते सर्वांत घाईने केला जाणाराही तोच. आपण सांगता तो दोष पिकअपमध्ये असेलही, परंतु तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी काही गोष्टी तपासायला हव्यात आणि त्यांतील बहुतेक तपासायला एक स्क्रूड्रायव्हर, एक बारीक पट्टी आणि थोडा संयम एवढेच लागते.

प्रथम नव्या तारा चढवा. मग सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (गिटारीच्या दांड्यावरच्या) आडव्या धातूच्या पट्टीवर, एकाच वेळी दाबून धरा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यामध्ये किती फट राहते ते पाहा. ती साधारण ०.२५ मिलिमीटर असावी. फट मुळीच नसेल किंवा डोळ्यांत भरण्याइतकी मोठी असेल, तर नेकच्या आतील ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक आवरणारी सळई, एका वेळी फार तर पाव फेरा फिरवावी आणि लाकडाला सावरायला वेळ द्यावा. त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजावी, १.६ मिलिमीटरच्या आसपासची उंची बहुतेकांच्या हाताला मानवते. स्वर रेंगाळत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या गिटारींपैकी अनेकींमध्ये तारा इतक्या खाली आणलेल्या असत, की प्रत्येक स्वर पुढच्या फ्रेटला घासत घासतच विझायचा. आपला ‘निर्जीवपणा’ बहुधा याच जातीचा असावा.

यानंतर पिकअपची उंची पाहावी. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली असता जाड तारेच्या बाजूला २.४ आणि बारीक तारेच्या बाजूला २ मिलिमीटर अंतर हा सिंगल कॉइलसाठी, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपसाठी, चांगला आरंभबिंदू आहे. या पिकअपचे लोहचुंबक थेट तारेखाली असतात. ते फार जवळ आले तर तारेला खेचून तिचे कंपन बिघडवतात. जाड तारांवर वरच्या फ्रेटमध्ये एकच स्वर वाजवला तरी दोन बेसूर स्वर एकत्र वाजल्यासारखे डळमळीत काहीतरी ऐकू येते, आणि खुंट्या कितीही पिळल्या तरी ते जात नाही. अंतर वाढवले की आवाज थोडा मंद होतो. तो ॲम्प्लिफायरवर वाढवून घेता येतो.

आता कर्कशपणाकडे वळू. आवाजाच्या पॉटचा, म्हणजे बटणाखालच्या कमीजास्त करता येणाऱ्या रोधकाचा, रोध सिंगल कॉइलसाठी सहसा २५० किलोओहम आणि हंबकरसाठी, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपसाठी, ५०० किलोओहम असतो. पॉट पूर्ण उघडा असतानाही त्याचा रोध पिकअपला समांतर असतो आणि वरच्या पट्टीतील थोडा भाग त्याच्यातून जमिनीकडे, म्हणजे अर्थकडे, निघून जातो. रोध जितका कमी, तितका आवाज मऊ. कारखान्यात सगळीकडे एकच पॉट वापरण्याच्या सोयीपोटी आपल्या गिटारीत ५०० किलोओहमचे पॉट बसवले गेले असतील, तर कर्कशपणाचे मूळ तिथेच सापडेल. पॉटवर छापलेला आकडा मात्र प्रमाण मानू नये. त्याचा प्रत्यक्ष रोध २० टक्क्यांनी इकडेतिकडे असणे अगदी सामान्य आहे, म्हणून मल्टिमीटरने मोजूनच पॉट निवडावा.

आणखी एक खोच आहे. १९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हा तिच्या ब्रिजजवळच्या, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथल्या, पिकअपला टोनचे बटणच जोडलेले नव्हते, आणि तो आराखडा पुढे असंख्य गिटारींनी जसाच्या तसा उचलला. सर्वांत टोकदार आवाजाचा पिकअप नेमका तोच. पिकअप निवडण्याच्या स्विचवर दोन टोके जोडणारा वायरचा एक तुकडा सोल्डर केला, की दुसरे टोनचे बटण त्याच्यासाठीही काम करू लागते. मला विचाराल, तर या घडणीच्या गिटारीत करण्याजोगा याहून स्वस्त आणि उपयुक्त फेरफार नाही. टोनच्या कपॅसिटरविषयी मात्र फार विचार करू नये. ०.०२२ की ०.०४७ मायक्रोफॅरड हा प्रश्न मुख्यतः बटण खाली आणल्यावरच उपस्थित होतो, आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण जुन्या पद्धतीचा महागडा कपॅसिटर वेगळा ऐकू येतो हा दावा डोळे बांधून ऐकल्यावर टिकत नाही असा माझा अनुभव आहे.

एवढे करूनही मन भरले नाही, तर पिकअप जरूर बदला. मात्र जाहिरातीतील किलोओहमच्या आकड्यावरून त्यांची ताकद ठरवू नका. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपचा रोध ६ किलोओहमच्या आसपास असतो, तर १९५०च्या दशकाअखेरच्या हंबकरचा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. परंतु वेटोळ्याची तार अधिक बारीक वापरली तरी रोध वाढतो, आणि लोहचुंबक अल्निको या मिश्रधातूचा आहे की सिरॅमिकचा हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. काढलेले पिकअप नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे सात इलेक्ट्रिक गिटारी आहेत (यादी सोबत जोडली आहे) आणि आता आठवीवर मन गेले आहे. घरच्यांच्या मते ही निव्वळ हाव आहे. संग्रह नेमका कोणत्या तत्त्वावर करावा?

उत्तर : आपण जोडलेल्या यादीतील सातांपैकी पाच गिटारी एकाच आराखड्याच्या असून त्यांचे फक्त रंग वेगळे आहेत, त्यामुळे घरच्यांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे मला म्हणता येत नाही.

संग्रहातील प्रत्येक गिटारीने दुसरी देऊ शकत नाही असे काहीतरी द्यावे, ही माझी कसोटी आहे. लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये आणलेली आणि १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखली जाणारी गिटार घ्या. सपाट लाकडाची बॉडी, तिला स्क्रूने जोडलेला नेक, सिंगल कॉइल पिकअप आणि तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. त्यानंतर १९५२ ची गिब्सन लेस पॉल पाहा. तिचा नेक बॉडीला सरसाने जोडलेला आहे आणि तारेची लांबी सुमारे ६२८ मिलिमीटर आहे. तारेचा ताण त्यामुळे कमी होतो आणि बोटाने स्वर खेचणे सोपे जाते. प्रारंभी या गिटारीत पी-९० नावाचे रुंद सिंगल कॉइल पिकअप होते. १९५७ पासून गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांचा हंबकर आला. १९५८ ची ईएस-३३५ आतून अर्धी पोकळ आणि मध्ये ठोकळा असलेली. या घराण्यांतील एकेक गिटार, मग ती कोणत्याही कंपनीने बनवलेली असो, आपल्याकडे असली तर हाताला आणि कानाला खरेखुरे फरक कळू लागतात.

एकाच घराण्यावर जीव जडला असेल, तर संग्रहाचा दुसरा मार्ग काळाचा आहे. एकच नमुना वर्षागणिक कसा बदलला, हे त्यातून दिसते. फेंडर कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस स्ट्रॅटोकास्टरचा माथा मोठा झाला आणि १९७१ मध्ये नेकचे चार स्क्रू जाऊन तीन आले. मला सर्वांत आवडतो तो स्विचचा किस्सा. मूळ स्विचला तीनच जागा होत्या, परंतु वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून एकाच वेळी दोन पिकअप वाजवू लागले, आणि पाच जागांचा स्विच कारखान्यातून येऊ लागला तो थेट १९७७ मध्ये. फेरफार आधी वादकांनी केला आणि कारखाना वीसहून अधिक वर्षांनी त्यांच्यामागून आला.

आठवी गिटार यांपैकी कोणत्याही अर्थाने वेगळी असेल, तर घ्या. सहावा निळा रंग असेल, तर आधीच्या पाचांतील दोन विकून घ्या.

प्रश्न : माझ्या मामांनी त्यांची १९६०च्या दशकातील अमेरिकन बनावटीची गिटार मला दिली आहे. रंग जागोजागी उडाला आहे, बटणे फिरवताना खरखर होते, फ्रेट झिजले आहेत. तिला नव्याने रंग देऊन आतील सर्व वायरिंग बदलावे असा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : रंग देऊ नये, ही पहिली काळजी. मूळ रंग काढून नव्याने रंगवलेल्या जुन्या गिटारीचे मोल साधारण निम्म्यावर येते असा संग्राहकांमधील ढोबळ ठोकताळा आहे, आणि तो हिशेब बाजूला ठेवला तरी गेलेला रंग परत येत नाही. जिथे रंग उडाला आहे तिथे मामांचा हात टेकत होता. त्या खुणा पुसण्याचे कारण मला दिसत नाही.

पॉट काढण्यापूर्वी त्यांच्या पाठीवरील आकडे वाचा. उदाहरणार्थ, ३०४-६६१२ असा आकडा असेल तर पहिले तीन अंक उत्पादकाचे (३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस), पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६६ च्या बाराव्या आठवड्यात तयार झाला. यावरून गिटारीचा जन्म कळत नाही, गिटार त्या तारखेच्या आधीची नाही एवढेच कळते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा इतका मोठा साठा करून ठेवला होता, की त्यांतील पॉट दशकाअखेरच्या गिटारींमध्येही आढळतात. त्याच कंपनीच्या गिटारीत नेकच्या टोकाला, बॉडीत बसणाऱ्या भागावर, पुष्कळदा तारीख मिळते. हे सगळे पुरावे एकमेकांना पूरक असावे लागतात, आणि कधीही न उघडलेले मूळ सोल्डरचे जोड हा त्यांतील मोठा पुरावा. आपण वायरिंग नवे केले, की तो संपला.

खरखर जाण्यासाठी बहुतेक वेळा वायरिंगला हात लावावाच लागत नाही. पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण वीसपंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. विशीत असताना हे मला कोणी सांगितले नाही. मी एका जुन्या गिटारीतील खरखरणारे चारही पॉट काढून चकचकीत नवे बसवले आणि जुने कचऱ्यात टाकले. त्यांच्या पाठीवर काय लिहिले होते हे आजतागायत मला ठाऊक नाही, आणि ती गिटार कोणत्या वर्षीची हा वाद माझ्या मित्रांमध्ये अजून चालू आहे.

फ्रेटचे गणित वेगळे आहे. फ्रेट झिजण्यासाठीच असतात. खड्डे उथळ असतील तर जाणत्या कारागिराकडून ते समतल करून माथे पुन्हा गोल करून घ्यावेत. खोल असतील तर फ्रेट बदलावेत. त्यामुळे गिटार वाजवण्याजोगी होते, आणि न वाजणारी गिटार जपण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही. बदललेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून गिटारीच्या पेटीत ठेवावा.

‘मोठमोठ्या वादकांनीही जुन्या गिटारी फोडल्या-जोडल्याच की’ असा युक्तिवाद आपण पत्रात केला आहे. तो खरा आहे. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिल येथे काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर विकत घेतल्या, त्यांतील काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग निवडून ‘ब्लॅकी’ घडवली. डेव्हिड गिल्मर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर नेक, पिकअप, ट्रेमोलो (स्वर डोलवणारी दांडी) असे सगळे फेरफार अनेकदा झाले, तरी २०१९ च्या लिलावात तिने विक्रम केला. मात्र त्या काळी या गिटारी नुसत्या जुन्या होत्या, दुर्मीळ नव्हत्या. आणि लिलावात बोली लागली ती ज्या हातांनी त्या वाजवल्या त्या हातांवर.

जाता जाता एक इशारा. फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा असेल, तर १९९२ पासून ते लाकूड साइटिस कराराच्या, म्हणजे धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. रोझवूडच्या अन्य जातींच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, या जातीला नाही. अशी गिटार देशाबाहेर नेण्याआधी कागदपत्रांची चौकशी करावी.

प्रश्न : माझी गिटार सतत घुमते. तारांना हात लावला की आवाज कमी होतो, सोडला की वाढतो. आतून तांब्याची पट्टी लावली तर ती पूर्ण शांत होईल का?

उत्तर : कमी होईल, पूर्ण जाणार नाही, कारण आपण दोन वेगळे त्रास एकच समजत आहात.

एक आहे चरचरणारा, माशीच्या भणभणण्यासारखा आवाज. आसपासच्या तारा, दिवे आणि उपकरणे यांच्या विद्युतक्षेत्रातून तो येतो आणि आपले शरीर त्यात ॲन्टेनासारखे भर घालते. तारांना हात लावल्यावर तो कमी होतो, याचा अर्थ तारा अर्थला नीट जोडलेल्या आहेत आणि आच्छादन अपुरे आहे. यावर तांब्याची पट्टी किंवा वाहक रंग हा उत्तम उपाय आहे. पट्टीचे तुकडे एकमेकांवर चढवून लावावेत, जोडांवर सोल्डरचा ठिपका द्यावा आणि सगळे आच्छादन एका वायरने पॉटच्या पाठीशी जोडावे. पोकळीला पट्टी लावली आणि अर्थला जोडलीच नाही, अशा गिटारी मी पाहिल्या आहेत. त्या दिसायला फार सुंदर होत्या.

दुसरा आहे खर्जातला घुमारा. वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र पिकअपच्या वेटोळ्यात शिरते, आणि पातळ तांब्याला ते अडवता येत नाही. दोन वेटोळी उलटसुलट जोडून घुमारा परस्पर छेदायचा, हेच हंबकरचे तत्त्व. आपल्या गिटारीत तीन पिकअप असतील आणि मधला उलटा गुंडाळलेला आणि उलट ध्रुवांचा असेल, तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी तीच गंमत आपोआप घडते. नसेल, तर केवळ मधला पिकअप बदलून घ्यावा. ट्रान्सफॉर्मरपासून दोन पावले दूर उभे राहून किंचित वळले तरी घुमारा उतरतो; मंचावर वादक विचित्र कोनात उभे दिसतात ते नेहमी ऐटीखातरच असते असे नाही.

घुमारा ॲम्प्लिफायरमधूनच येत असल्याची शंका आली आणि तो व्हॉल्व्हचा असेल, तर तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठून राहू शकतात.

प्रश्न : गिटारी पेटीत ठेवाव्यात की स्टँडवर?

उत्तर : रोज वाजणारी स्टँडवर, बाकीच्या पेटीत, सगळ्या ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत आणि उन्हापासून दूर. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा मुलामा असेल तर स्टँडच्या रबराला सुती कापड गुंडाळावे, कारण काही प्रकारच्या रबराशी आणि फोमशी त्याची प्रक्रिया होऊन तो चिकट होतो. थंडीतून आणलेली पेटी लगेच उघडू नये. तापमान एकदम बदलले की याच मुलाम्याला बारीक तडे जातात.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. तीन सिंगल कॉइल असलेल्या माझ्या पहिल्या गिटारमध्ये ब्रिजजवळ हंबकर बसवायचा आहे. बाबा म्हणतात, चांगली गिटार बिघडवशील. खरेच बिघडेल का?

उत्तर : बाबांची भीती रास्त आहे, पण तुझ्यासारख्यांनीच या वाद्याचा इतिहास पुढे नेला हेही त्यांना सांग. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार घडवायला घेतली तेव्हा तो तुझ्याच वयाचा होता; नेकला शेकोटीच्या जुन्या चौकटीचे महोगनी आणि ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. एडी व्हॅन हेलनने स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या बॉडीत नेमके तुला करायचे तेच केले : ब्रिजजवळ गिब्सनचा हंबकर, आणि आवाजाचे एकच बटण.

काम सुरू करण्याआधी तारा उतरवून पिकगार्ड, म्हणजे पिकअप बसवलेले वरचे झाकण, उचल आणि खाली पाहा. आजच्या पुष्कळ गिटारींत तिथे आधीच मोठी पोकळी कोरलेली असते. तसे असेल तर लाकडाला हात न लावता केवळ योग्य आकाराची भोके असलेला दुसरा पिकगार्ड आणून भागते, आणि मूळचा पिकगार्ड त्याच्या पिकअपसह कपाटात राहतो. बाबांनाही हे पटेल. पोकळी अरुंद असेल, तर सिंगल कॉइलच्या आकारात बसणारे हंबकर मिळतात. त्यांचा आवाज मोठ्या हंबकरइतका भरदार नसतो, पण पहिल्या गिटारीचे लाकूड कोरण्यापेक्षा मी तोच पर्याय निवडला असता.

सोल्डरिंग आधी निकामी पॉटवर शिकून घे. पॉटची पाठ तापायला वेळ लागतो आणि सोल्डरिंगच्या दुबळ्या इस्त्रीने ती तापवत बसलास तर आतली पट्टी जळते. ४० वॅटची इस्त्री, जाड टोक, तीन-चार सेकंद आणि उघडी खिडकी. जुन्या वायरिंगचे छायाचित्र आधी काढून ठेव. हंबकर चार वायरींचा घेतलास, तर ओढून वर येणाऱ्या पॉटने त्याचे एकच वेटोळे चालू ठेवून जुना आवाजही मिळवता येईल. पॉट २५० चा ठेवावा की ५०० चा, याचे सर्वांना पटणारे उत्तर नाही. तुझे बाकीचे दोन पिकअप सिंगल कॉइल असल्याने मी २५० वरच थांबेन.

आणि पिकअप मागवण्यापूर्वी ब्रिजवर पहिल्या व सहाव्या तारेतील अंतर मोज. गिब्सनच्या मापाच्या हंबकरमध्ये टोकाच्या दोन स्क्रूंतील अंतर ४९ ते ५० मिलिमीटर असते, तर फेंडरच्या धर्तीच्या ब्रिजसाठी ५३ च्या आसपासचा हंबकर वेगळा मिळतो. चुकीचा घेतलास तर पहिली आणि सहावी तार स्क्रूच्या बाहेर पडतील.